बाई पाहिजे

टकळी दारात आली तेव्हा मी भांडी घासत होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही. सूनबाई म्हणते, आई, तुम्हाला तापायला कारण लागत नाही, नुसती हवा लागली की पुरे. तिचं डोकं कधी तापत नाही. ती औषधांच्या दुकानात बसते. तिथं तापावर गोळ्या मिळतात.

टकळी ही माझी विद्यार्थिनी. शिवणाच्या वर्गात आली त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून मीच तिला टकळी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. लोकांच्या घरी धुणंभांडी करते. नवऱ्यानं सोडल्यापासून मुलीला घेऊन भावाकडे राहते. भावाकडे म्हणजे भावाच्या स्वयंपाकघरात. सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की त्याच ओट्याखाली मायलेकी अंथरूण घालतात.

"बाई, बाही शिकवा," ती म्हणाली. बस म्हटलं नव्हतं तरी उंबऱ्यावर बसली.

"बाई मेली," मी म्हटलं.

"मग हे भूत भांडी बरी घासतंय."

मी हसले नाही. हसले असते तर ती आत येऊन चहा मागून बसली असती. ती आपणहून सांगत सुटली. मोठ्या रस्त्यापलीकडे शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना निघालाय, कामाला बायका घेणार आहेत. पण आधी परीक्षा. नुसतं कापड हातात देणार आणि त्यांच्यासमोर बसून अख्खा शर्ट कापून, शिवून दाखवायचा. टकळीला सगळं येतं, बाही येत नाही. बाहीपाशी आलो आणि वर्ग बंद पडला.

"बंद पडला नाही. मी बंद केला," मी म्हटलं. "पडायला तो काय भिंत आहे?"

"तेच ते. आणि बाई, कारखान्याच्या मागं खोल्या आहेत. कामावरच्या बायकांना राहायला देतात. मी बघून आले. एवढीशी आहे, पण दाराला आतून कडी आहे."

"कडीचं काय कौतुक? सगळ्याच दारांना असते."

"स्वयंपाकघराला नसते." मग ती थांबली. टकळी थांबली म्हणजे समजावं. "पोरगी मोठी झाली आता. वहिनीचा भाऊ मुक्कामाला येतो. रात्री पाणी प्यायला उठतो. फार पाणी पितो तो, बाई."

माझ्या हातातला तवा हातातच राहिला.

"भावाला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, माणसाला तहान लागते."

असल्या भावाला त्याच तव्यानं हाणावं. मी तसं बोलून दाखवलं. टकळी म्हणाली, "तवा राहू द्या. वस्तीच्या हॉलवर चला. तिथली मशीनं तशीच आहेत, कापड टाकून झाकून ठेवलेली."

घरी शिकवलं असतं, पण माझं मशीन मी भाचीला देऊन टाकलेलं. आणि हॉलची पायरी चढणार नाही असं मी चार माणसांत बोलून बसले होते. मी एकदा बोलले की बोलले. आमच्या घरात शब्द परत घ्यायची पद्धत नाही.

आता वर्ग का बंद केला ते सांगते, कारण वस्तीत त्याच्या भलत्याच कहाण्या फिरतात. कुणी म्हणतं गुडघे गेले, कुणी म्हणतं सुनेशी पटत नाही. गुडघे माझे आहेत तिथंच आहेत, आणि सुनेशी मला पटवून घ्यायचंच नाही, आमचं तसंच बरं चाललंय.

वस्तीच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली आहे. तिथं मी कित्येक वर्षं शिवण शिकवलं, फुकट. माझी शाळा म्हणाल तर चौथीत सुटली. पण त्या खोलीत पोरीबाळी, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्या मला बाई म्हणायच्या. शाळेत बाई असतात ना, तशी बाई. माझ्या आईनं लोकांची घरं झाडली. तिला आयुष्यभर लोक 'ए बाई' म्हणाले. मला 'अहो बाई' म्हणायचे. त्या 'ए'चं 'अहो' व्हायला आमच्या घराचा एक अख्खा जन्म खर्ची पडला.

मग हॉलचा वार्षिक कार्यक्रम आला. कुणी मोठी पाहुणी आली होती, गळ्यात चष्म्याची साखळी. सगळ्या बायका 'बाई इकडे या', 'बाई हे बघा' करत होत्या. पाहुणीनं ते ऐकलं आणि चहाचा उष्टा कप माझ्यासमोर धरला. "ए बाई, हे घेऊन जा. आणि अजून एक आण, साखर कमी."

ती परकी होती, तिला मी माफ करते. म्हणजे करत नाही, पण समजा केलं. हॉलचा सेक्रेटरी तर शेजारीच उभा होता. याच्या बायकोनं माझ्याकडे शिवण शिकलं, याच्या पोरांची झबली माझ्या हातची. त्यानं म्हणायला हवं होतं, अहो, या आमच्या शिक्षिका. तो काय म्हणाला? दात काढले आणि म्हणाला, "आणतील हं, आणतील."

मी कप घेतला, त्याच्या हातात दिला, कात्री उचलली आणि घरी आले. त्यानंतर गेले नाही. निरोप दोनदा आला, तो स्वतः एकदाही आला नाही.

हे सगळं टकळीला ठाऊक होतं. तरी मी तिला पुन्हा ऐकवलं, आणि शेवटी म्हटलं, "असल्या ठिकाणी मी थुंकायलासुद्धा जाणार नाही."

टकळी उठली. पदर झटकावा तसा तिनं ओढणीचा कोपरा झटकला.

"तुम्हाला 'ए बाई' एकदा म्हटलं, तर तुम्ही दोन वर्षं घरात रुसून बसलात," ती म्हणाली. "मला रोज म्हणतात. मी कुठं बसू? मला घर तरी आहे का रुसायला?"

"तोंड सांभाळून बोल."

"ते सांभाळता आलं असतं तर तुम्ही मला टकळी म्हटलं असतं का?"

आणि गेली. माझ्या शिष्येनं, जिला सुईत दोरा ओवायला मी शिकवलं, तिनं माझ्या उंबऱ्यावर मला ऐकवलं आणि गेली. मी तो तवा इतका घासला की सूनबाई संध्याकाळी म्हणाली, "आई, नवीन आणलात?"

पुढचे दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मुलगा म्हणाला, आईला बरं नाही का? सूनबाई म्हणाली, बरं आहे, म्हणून तर गप्प राहू या. तिसऱ्या दिवशी दुकानातून येताना तिनं फोनमध्ये एक फोटो काढून आणला. हॉलच्या दाराला कागद लावला होता. तिनं वाचून दाखवायच्या आधीच मी फोन ओढून घेतला. मला वाचता येतं. सावकाश येतं, पण येतं.

बाई पाहिजे. रोज दोन तास. सेक्रेटरींना भेटावे.

"बघ," मी म्हटलं. "बघ! दोन वर्षं शेपूट घालून बसला आणि आता दुसरी बाई शोधतोय! माझ्या खोलीत! माझ्या मशीनवर!"

"आई, पण ते तुमच्याच जागेसाठी आहे का, जरा विचारून..."

"हॉलमध्ये दुसरी कुठली बाई होती गं? बाई म्हणजे मी."

सूनबाईनं फोन घेतला आणि चहा ठेवायला गेली. ती शहाणी आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचे कपडे घातले आणि हॉलवर गेले. वाटेत मनात सगळं घोळवलं. दुसरी कुणी त्या खोलीत बसण्यापेक्षा मी जाते. टकळीसाठी नाही हं, तिच्यावर माझा राग होताच. पण गेले की पहिल्या दिवशी बाही घेणार, हेही ठरवलं होतं. पाण्याची तहान लागणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सेक्रेटरी खालच्या खोलीत संगणकासमोर बसला होता. मला बघून अर्धा उठला.

"या या, काकू! किती दिवसांनी!"

"काकू कधीपासून झाले? नातं बदललं की काय मागच्या मागं?"

"हॅ हॅ. बसा."

"बसत नाही. कागद वाचला मी दारावरचा. येते मी परत. पण माझं ऐकून घ्या. खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. वर्ग चालू असताना कुणी पाहुणा वर आणायचा नाही. आणि आणलाच, तर माझी ओळख नीट करून द्यायची, शिक्षिका म्हणून. मग मी पाहुण्याला स्वतः चहा करून देईन, दोन चमचे साखर जास्त घालून."

तो कान खाजवायला लागला. हा माणूस कान खाजवायला लागला की समजावं, खोटं तरी बोलणार किंवा वाईट तरी.

"काकू, तुमचा जरा गैरसमज झालाय. ते... झाडलोटीला बाई पाहिजे. आपली होती ती सोडून गेली ना."

मी उभी होते ती उभीच राहिले. बरं झालं बसले नव्हते. बसलेल्या माणसाचा अपमान जास्त होतो, उठावं लागतं.

"आणि शिवणाचा वर्ग?" मी विचारलं.

"तो आता... कमिटीनं ठरवलंय, ती खोली व्यायामाला द्यायची. यंत्रं येणारेत महिन्याच्या शेवटी. सायकल आहे, चालायचा पट्टा आहे. जागच्या जागी चालायचं, छान असतं ते."

"जागच्या जागी? ते तर तुमची कमिटी किती वर्षं करतेय. त्याला यंत्र कशाला लागतं?"

तो पुन्हा हॅ हॅ करून हसला. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. एकाच शब्दानं मला दोनदा मारलं होतं, आणि दुसऱ्यांदा मी स्वतः कपडे इस्त्री करून मार खायला आले होते. सरळ घरी जावं आणि मरेपर्यंत या रस्त्यानं फिरकू नये, असं झालं. पाय वळलासुद्धा.

आणि टकळीचं बोलणं कानात शिरलं. मला घर तरी आहे का रुसायला. मेली, समोर नव्हती तरी बोलतच होती.

"कागदावर काय लिहिलंय?" मी परत फिरून विचारलं.

"बाई पाहिजे."

"आलीय. किल्ली द्या."

"काकू, अहो, तुम्ही झाडणार?"

"माझी खोली मीच झाडायची. तुमची ती बाई चिंध्या बघून जिन्यातूनच पळायची. दुसरी कुणी आलीय का तुमच्याकडे? नाही ना? रोज दोन तास लिहिलंय. एका तासात झाडीन, दुसऱ्या तासात काय करते ते विचारायचं नाही. यंत्रं येईपर्यंत."

तो कान खाजवत राहिला आणि त्याच हातानं किल्ली दिली. नाही म्हणायला छाती लागते.

खोली उघडली तर नाकातोंडात धूळ. मशीनं भिंतीकडे तोंड करून, शिक्षा केल्यासारखी उभी. एकाचा पट्टा उंदरानं खाल्लेला, दुसऱ्याची सुई गंजलेली. मी झाडताना शिव्या देत होते, पुसताना देत होते, तेल घालताना देत होते. माझ्या आईची आठवण झाली. ती झाडायची तेव्हा गाणी म्हणायची. मला गाणी येत नाहीत.

टकळीला निरोप धाडला: दुपारी ये, आणि तोंड घरी ठेवून ये.

ती आली, तोंडासकट. "बाई, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलेच आहे. कागद घे, बाही काप."

आधी वर्तमानपत्रावर कापायला लावली. मग जुन्या चादरीवर. धावदोरा घालून तिनं दोन्ही बाह्या चादरीच्या शर्टाला जोडून आणल्या आणि माझ्यासमोर धरल्या. मी बघितलं, आणि डोळे मिटले.

"हे काय आहे?"

"बाह्या."

"दोन्ही उजव्या आहेत. तुझं गिऱ्हाईक कोण, खेकडा? बाहीची पुढची बाजू खोल असते, मागची उथळ. कापड दुहेरी घालून, समोरासमोर ठेवून कापायचं, म्हणजे एक उजवी एक डावी निघते. तू एकावर एक तशीच ठेवलीस. किती वेळा सांगितलं? उसव!"

"बाई, पहिल्यांदाच सांगताय."

"मग पहिल्यांदा ऐकायचं!"

तिनं उसवलं. पुन्हा कापलं. आता दुसरंच. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्यापाशी ती जिथं बसते त्या भोकापेक्षा, मोठा दिसतोय म्हणून तिनं जास्तीचं कापड कात्रीनं उडवून टाकलं, आणि हात फिरवून मला दाखवलं, कशी बसली बघा अगदी सपाट.

"घाल अंगात," मी म्हटलं. तिनं घातलं. "आता हात वर कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि अडकला. शर्टही वर ओढला गेला.

"शाळेच्या पोरानं हा घातला तर वर्गात हात वर कसा करायचा? उत्तर येत असून बसून राहील बिचारं. जास्तीचं कापड जास्तीचं नसतं, ते हलायला ठेवलेलं असतं. बोटांनी दाबत दाबत, थोडं थोडं मुंढ्यात जिरवायचं. चुणी दिसता कामा नये. उसव."

त्या दिवसांत मी किती वेळा 'उसव' म्हणाले असेन, मोजलं नाही. एकदा टकळी रडली. मी म्हटलं, कापडावर रडू नको, डाग पडतो. ती रडता रडता हसली आणि पुन्हा सुई घेतली. ती गप्प बसून शिवायला लागली तेव्हा मला खोली ओळखू येईना.

गप्प ती फक्त शिवताना होती, बाकी वस्तीभर बोलतच होती. म्हणून मग एकेक बाई वर यायला लागली. बेकरीवाल्याची बायको, पोस्टमनची बहीण, जिन्याखाली फुलं विकणारी. 'अहो बाई, झबलं' आणि 'अहो बाई, पिशवी'. मी सगळ्यांना आधी झाडू दिला. फुकट शिकायचं तर खोली झाडून शिकायचं. एकजण कुरकुरली. तिला दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचा झाडू घेऊन आली.

आणि मग महिना संपायच्या आधीच यंत्रं आली. दोन हमाल तो चालायचा पट्टा जिन्यातून वर ओढत होते, मागं सेक्रेटरी.

"काकू, खोली मोकळी करा बरं. आजच लावायचंय."

मशीनं चालू होती. एकीनंही पाय थांबवला नाही. टकळीची परीक्षा परवावर होती आणि ती डाव्या बाहीत अडकली होती.

"महिना संपला का?" मी विचारलं.

"लवकर आली ना यंत्रं."

"मग ती उशिरा लावा."

"अहो, कमिटीनं ठरवलंय!"

तेव्हा माझं तोंड जे सुटलं ते सगळं इथं लिहीत नाही. सूनबाई हे वाचणार आहे. एवढंच सांगते. मी म्हटलं, कमिटीत तुमच्यापैकी कुणाच्या अंगातला शर्ट या खोलीत उसवून नीट झाला नाही ते सांगा. म्हटलं, तुमच्या बायकोला विचारा, घर चालेना म्हणून माहेरी परत जायची वेळ आली तेव्हा ती कुठं बसून शिवत होती आणि कुणाचं घर त्यावर चाललं. म्हटलं, दोन वर्षं एक माणूस माझ्या दारात 'चुकलं' म्हणायला आला नाही आणि आज पट्टा घेऊन वर आलात! चाला, जागच्या जागी चाला, पण जिन्यात! ही खोली हलणार नाही.

हमाल कपाळ पुसत म्हणाला, "साहेब, कुठं ठेवू ते ठरवा, कंबर गेली."

"बाई, ऐका तरी," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द निसटला. कुठली बाई, ते मी विचारलं नाही. मी दार लावून घेतलं.

पट्टा अजून जिन्याच्या वळणावर उभा आहे. त्याच्यावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालतात. कमिटीची बैठक व्हायची आहे. मी जाणार आहे बैठकीला, आणि तयारीनं जाणार आहे.

टकळी परीक्षेला गेली त्या दिवशी मी सगळ्यांवर ओरडले. संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नापास झाली असणार, तोंड दाखवायची लाज वाटली असणार, असं म्हणून मी तिच्यावर आणखी चिडले. मग आली, हातात काही नाही, केस विस्कटलेले.

"बाही बघितली त्यांनी?" मी विचारलं.

"बघितली. ताणून बघितली, उलटी करून बघितली. मुख्य मास्तर म्हणाले, ठीक आहे."

"ठीक आहे? एवढंच?"

"मग म्हणाले, उद्यापासून खिशांवर बसा."

मला कळेना. तिनं समजावलं. तिथं एक बाई एकच काम करते. कॉलरवाली कॉलर, बाहीवाली बाही. टकळीला खिसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते खिसे, हजारांनी, सरळ चार टिपा.

"मग अख्ख्या शर्टाची परीक्षा कशाला घेतली?" मी ओरडले. "खिसा तर तुला कधीचा येतो! दोन उजव्या बाह्या, ते रडणं, ते उसवणं, सगळं या मेल्यांच्या खिशात घालायला? मी येते उद्या. मला त्या मास्तरशी बोलायचंय."

"नका येऊ, बाई."

"का नको?"

"काल आम्ही तिथं राहायला गेलो. सामान हलवण्यात दोन दिवस गेले, म्हणून आले नाही." ती मशीनच्या कडेवरून बोट फिरवत होती. "पोरगी झोपेत हातपाय पसरते, बाई. एवढे पसरते, मला भिंतीला ढकललं. मला हे माहीतच नव्हतं. आजवर नुसती मुटकुळं करून झोपायची."

बाकीच्या बायकांनी मशीनं थांबवली होती. मी त्यांच्याकडे बघितलं तशी पुन्हा चालू झाली.

मी तिच्यापुढं कात्री सरकवली.

"रविवारी ये. कॉलर अजून कच्ची आहे तुझी. ती कॉलरवाली उद्या आजारी पडली तर तिथं कोण बसणार?"

"रविवारी सुट्टी आहे माझी, बाई. एकच असते."

"म्हणूनच रविवारी म्हणतेय. पोरीलाही आण. वर्तमानपत्र आण. आणि उशीर केलास तर बघ."